एक वाघीण द्या

धाकटी सैन्याच्या ट्रेनिंगला गेली त्या दिवशी आमच्या घरात कुणी रडलं नाही. सवडच मिळाली नाही. अंगणात शुभेच्छुक उभे होते. उन्हाळ्याचे दिवस, सकाळी नऊलाच डोकं तापलेलं, आणि पोरीच्या अंगावर एकावर एक अकरा शाली. प्रत्येकाला स्वतःची शाल पांघरतानाचा फोटो हवा होता आणि आधीच्याची शाल काढली तर आधीच्याचा अपमान. एकोणीस वर्षांची पोरगी आत उकडून निघत होती. पप्पा सवयीनं गर्दीला सांगत होते, "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय."

पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पलीकडं लातूरची हद्द. पप्पांची गाडी सकाळी इथून लातूरला जाते, दुपारी परत. धाकटीला लातूरहून रेल्वे होती, म्हणून ती पप्पांच्याच गाडीनं गेली. आई आणि मी पोचवायला सोबत. पप्पांनी तिला कंडक्टरच्या सीटमागं बसवलं आणि रीतसर तिकीट फाडलं. लातूरला उतरल्यावर रेल्वे स्टेशनला रिक्षानं जायचं होतं, पण गाडीची परतीची वेळ झाली होती. रिक्षा हलायच्या आधीच पप्पांनी दोन बेल दिल्या आणि गाडी वळली. मागच्या काचेतून त्यांचा हात दिसला. हात हलवत होते की पाठीमागच्या वाहनाला थांबवत होते, ते कळलं नाही.

मी थोरली. संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, ती चौकात वाटते, आणि संध्याकाळी त्यातच बांधलेली भजी खाते. चार वर्षांच्या भरतीला माझा विरोध होता आणि आहे. चार वर्षांनी ह्या पोरापोरींनी काय करायचं, असं सरळ विचारणारं पत्रक मी लिहिलं होतं. ते एका बाजूनंच छापलेलं. उरलेला गठ्ठा धाकटीनं उचलला आणि कोऱ्या बाजूवर भरतीच्या लेखी परीक्षेची सगळी गणितं सोडवली. "अक्का, कागद लई चांगलाय गं तुझा," म्हणाली, "शाई फुटत न्हाई." आणि पास झाली. माझ्या पत्रकाचा एवढा ठोस उपयोग आजवर दुसऱ्या कुणाला झालेला नाही.

आमच्या घराचा आणखी एक रिवाज सांगायला पाहिजे. आमच्याकडं सगळे सह्या करतात. निवेदन लिहिलं की पन्नास सह्या लागतात, आणि पन्नास माणसं सकाळी सकाळी आणायची कुठून? सुरुवात घरातून होते. आई भाकरी थापताना पिठाच्या हातानं करते. धाकटी नेहमी पहिली. पप्पा डबा भरता भरता करतात, न वाचता. एसटी वेळेवर येत नाही, ह्या निवेदनावर त्यांची सही आहे. कंडक्टर लोकांच्या उद्धट वागणुकीबाबतच्या निवेदनावरही आहे. ते आगारात पोचलं तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, हे काय. पप्पा म्हणाले, "पोरगीचं हाय. खरंच असंल."

तर फ्लेक्स. धाकटी गेली त्याच संध्याकाळी गावाच्या तोंडाशी, फाट्यावर, दोन बांबूंवर तो उभा राहिला. दहा बाय पंधरा. वरच्या पट्टीत महापुरुष. खाली मधोमध धाकटी, मागं बर्फाचे डोंगर, एक रणगाडा, एक विमान आणि जबडा उघडलेला वाघ. मोठ्या अक्षरांत 'वाघीण'. खाली गोल गोल चौकटींत एकतीस शुभेच्छुक, त्यातले नऊ काळ्या गॉगलमध्ये. पोरीनं तोवर वर्दी अंगाला लावलेली नव्हती. म्हणून छापणाऱ्यानं तिचं पासपोर्ट फोटोतलं तोंड कुणाच्या तरी वर्दीतल्या धडावर बसवलेलं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "हात बग गं. केसाळ हाय. बापई हाय ह्यो."

मला राग आला तो हातांचा नाही. धाकटी दोन वर्षं ह्याच लातूर रोडवर पहाटे पळायची, चौकातल्या पोरांच्या शिट्ट्या ऐकत. त्या शिट्टीवाल्यांपैकी दोघं शुभेच्छुकांत होते, दुसऱ्या ओळीत. बाकीच्यांतले बरेच आमच्या वस्तीत, विहारासमोरच्या गल्लीत, त्या दिवशी शाल घेऊन पहिल्यांदाच शिरलेले. निवडणूक तोंडावर होती, दुसरं काय. तुमचाही फोटो टाकू का ताई, म्हणून विचारायला आले होते. मी म्हणलं, टाकून तर बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फाट्यावर आली तशी पप्पांनी एक बेल दिली. एक बेल म्हणजे थांब. ड्रायव्हरकाकांनी गाडी थांबवली. चढायला कुणी नव्हतं, उतरायला कुणी नव्हतं. पप्पा उतरले, खिशातला रुमाल काढला, फ्लेक्सपाशी गेले आणि धाकटीचे बूट पुसले. हात तेवढाच पोचत होता. मग वर चढून दोन बेल दिल्या आणि गाडी लातूरला गेली.

हे मला ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, आठ दिवसांनी. "तुज्या बापाला काई म्हणू नको," म्हणाले. "पण सांगायला पायजे म्हणून सांगायलो. रोज बूट पुसायलाय. त्या फ्लेक्सवाल्या गड्याचे बूट तर आरशासारके झालेत. आता म्हणतोय, तोंडावर धूळ बसली."

तोंड जमिनीपासून दहा फुटांवर. त्यावर उपाय ड्रायव्हरकाकांनीच काढला. गाडीच्या मागं टपावर चढायची शिडी असते. गाडी फाट्यावर उलटी फिरवायची, रिव्हर्स घेत घेत शिडी फ्लेक्सच्या खाली आणायची, म्हणजे तोंड हाताशी येतं. पंचेचाळीस माणसं बसलेली, आठ-दहा उभी, आणि गाडी मागं मागं चाललेली. मागच्या सीटवरचे प्रवासी खिडकीतून ओरडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, आजून हातभर!" पप्पा शिडीवर चढून ओल्या फडक्यानं पोरीचं तोंड पुसायचे. कपाळ, गाल, मग कानामागं. कागदावर कानामागं काय असतं, मला विचारू नका.

पहिला आठवडाभर लोक चिडले. मग सवय झाली. मग लोकांच्या लक्षात आलं की गाडी इथं रोज, न चुकता, पाच मिनिटं थांबते. फाट्याच्या आसपास तीन वस्त्या आहेत. त्या लोकांना स्टँडपर्यंत दोन किलोमीटर चालत यावं लागायचं. इथं थांबा द्या म्हणून मी तीन निवेदनं दिली होती. कुणी दखल घेतली नव्हती. आता लोक सरळ फ्लेक्सच्या सावलीत येऊन उभे राहायला लागले. मुखेडच्या बाजाराच्या दिवशी तर कोंबड्या, टोपल्या, म्हाताऱ्या, सगळा मेळा. आणि परतीच्या गाडीत बायका म्हणायला लागल्या, "एक वाघीण द्या."

थांबा तिकिटाच्या मशीनमध्ये नव्हता. पप्पा पुढच्या टप्प्याचं तिकीट देऊन वाघीणला उतरवायचे. नियमात बसतं, जास्तीचं तिकीट काढून आधी उतरायला कुणाची बंदी नाही. एकदा तपासणी पथक चढलं. साहेबानं एका म्हातारीला विचारलं, "कुठं उतरणार?"

"वाघीणला."

"असलं गाव न्हाई ह्या रूटवर."

"तुमी नवे दिसताव," म्हातारी म्हणाली. "बसा. दाखवते."

साहेब बसले. गाडी फाट्यावर आली, उलटी फिरली, मागं मागं गेली. पप्पा फडकं घेऊन शिडीवर चढले. साहेबांनी वर बघितलं, मग खाली वहीत बघितलं. लिहायला रकानाच नसावा. पुढच्या थांब्यावर उतरताना एवढंच म्हणाले, "रिव्हर्स घेताना मागं माणूस उभा करत जावा."

आता रविवारचं. ट्रेनिंगमध्ये फोन जमा असतो. रविवारी दुपारी थोडा वेळ हातात मिळतो, तोही रांगेत उभं राहून, मागची पोरगी आटप आटप करत असते. आम्ही तिघं फोन मधे ठेवून बसायचो. आई बोलायची, मी बोलायचे. पप्पांची पाळी आली की असं व्हायचं:

"जेवली का?"

"हाव पप्पा."

"बरं. आईला देतो."

बास. जो माणूस आठवडाभर कागदाच्या कानामागची धूळ पुसतो, त्याला जिवंत आवाजाशी दोन शब्दांच्या पुढं जाता येत नव्हतं. लातूरहून परत वळलेल्या त्या गाडीचं तर नावच नाही. आई चिडायची. "फलकाशी बोलताव का वो असंच? तिलाबी इचारताव का जेवली का म्हणून?" पप्पा उठून डबा घासायला जायचे. त्यांची तब्येत उतरली होती. आई म्हणायची, ते फ्लेक्स हाय म्हणून ह्यो माणूस रोज सकाळी अंथरुणातून उठतोय. मला ते पटत नव्हतं. पण ते उठत होते, हे खरं होतं.

आणि नेमकं तेव्हाच नगरपंचायतीनं माझ्या एका निवेदनाची दखल घेतली.

आयुष्यात पहिल्यांदा. विषय: विनापरवाना फलक तात्काळ हटविणेबाबत. धाकटी जायच्या दोन महिने आधी दिलं होतं. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सची चौकट भाजीच्या गाड्यावर पडली होती, भाजीवाली थोडक्यात वाचली, म्हणून. पत्र आलं: आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने सोमवारपासून मोहीम राबविण्यात येत आहे. मी नाचले. पत्राचा फोटो संघटनेच्या ग्रुपवर टाकला. चाळीस जणांनी मूठ आवळलेली चित्रं पाठवली. मग एकानं लिहिलं, 'वाघीणपण निघणार का?'

तशीच उठून कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाबूंनी खुर्ची दिली, चहा मागवला. एरवी मला बघून ते जेवायला जातात.

"मॅडम, अभिनंदन! लई पाठपुरावा केलाव तुमी."

"एक विचारायचं होतं," मी म्हणलं. "फाट्यावरचा तो एक फ्लेक्स..."

"कोन्ता? वाघीण? तुमच्या घरचाच न्हाई का त्यो?"

"आमच्या घरचा नाही. शुभेच्छुकांचा आहे." माझ्या तोंडून हे वाक्य निघालं, हे मी इथं मान्य करते. "तिथं रहदारीला अडथळा नाही. उलट लोक सावलीला उभे राहतात."

बाबूंनी फाइल उघडली आणि माझंच निवेदन मला वाचून दाखवलं. "'कोणत्याही फलकास, तो कोणाचाही असो, सवलत देण्यात येऊ नये. अन्यथा आम्ही तीव्र आंदोलन छेडू.' लई जोरदार वाक्य हाय. साहेबांला दोनदा वाचून दाखवलं आमी. आता सांगा. सवलत दिली तर तुमी आंदोलन करणार. न्हाई दिली तर?"

"बघू."

"म्हंजे दोन्हीकडून तुमीच."

मग त्यांनी सह्यांचं पान उलटलं आणि माझ्यासमोर सरकवलं. क्रमांक एक, धाकटी. खाली दोन रेघा, तिची सवय. क्रमांक चौदा, पप्पा.

ह्याच्या-त्याच्या फ्लेक्सला सूट मिळते म्हणून मी दोन वर्षं ह्या कार्यालयाच्या पायरीवर बसलेली. आता घरच्या फ्लेक्ससाठी कोणत्या तोंडानं अर्ज लिहू? तरी घरी येऊन लिहायला बसले. 'विषय: एका फलकास सवलत मिळणेबाबत.' पुढं शब्द सुचेना. चार कागद फाडले. मग सह्यांच्या पानाची झेरॉक्स आणली आणि पप्पांसमोर ठेवली. ते सकाळचा डबा भरत होते.

"पप्पा, फ्लेक्स काढणारेत. मीच निवेदन दिलं होतं. तुमची सही आहे."

त्यांनी चष्मा लावला. "मी कवा केली?"

"डबा भरताना."

"हां." डब्याचं झाकण लावलं. "काय लिवलंय त्यात?"

आजवर पहिल्यांदा त्यांनी विचारलं की काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. भाजीवालीचं आलं तिथं मान हलवली. शेवटी म्हणाले, "खरं हाय की." पिशवी उचलली आणि ड्यूटीला गेले. झेरॉक्स तिथंच राहिली, पिठाच्या डब्याखाली.

सोमवारी फाट्यावर जेसीबी आला, दोन बांबू उपटायला. सोबत ट्रॅक्टर, चार कामगार, फाइल घेऊन बाबू. आणि मी. संघटनेनं मला हजर राहायला सांगितलं होतं, फोटोसाठी. गाडी यायची तीच वेळ. एक बेल ऐकू आली. गाडी थांबली, सवयीनं उलटी फिरली आणि मागं येता येता जेसीबीच्या समोर अडली.

प्रवासी खाली उतरले. पथकाच्या साहेबाला बसवून ठेवणारी म्हातारी सगळ्यात पुढं. "काय करायलाव रे?"

"फलक काढायलाव, मावशी. वरून आदेश हाय."

"मंग आमचा थांबा?" ती खाली रस्त्यावरच बसली. तिच्यामागं बाकीच्या बसल्या. टोपल्या आडव्या लावल्या. दोन मिनिटांत रास्ता रोको. दोन वर्षं मी लोकांना रस्त्यावर बसा म्हणून सांगत होते, तेव्हा एक माणूस बसला नव्हता. म्हातारी माझ्याकडं वळली. "बगती काय पोरी? घोषणा दे की! तुजं कामच हाय ते."

मी तोंड उघडलं. ज्या मागणीसाठी लोक बसलेले, ती माझ्या मागणीच्या विरुद्ध. ज्या मागणीसाठी जेसीबी आलेला, तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या. मी तोंड मिटलं.

पप्पा गाडीतून उतरले. बाबूंपाशी गेले आणि म्हणाले, "सह्यांचं पान बगू."

बाबूंनी दिलं. पप्पांनी स्वतःच्या सहीकडं बघितलंही नाही. क्रमांक एकवर बोट ठेवलं. खालच्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

"तिचीच हाय," पप्पा म्हणाले.

"तोंड तेवढं कापून देऊ का, भाऊ?" बाबूंना वाईट वाटलं असावं. "बाकीचं जमा करतो. घरी लावता येईल."

"तोंड कापता?" पप्पा असे ओरडले की म्हातारी दचकली. "जित्या पोरीचं?"

मग ड्रायव्हरकाकांकडं वळून म्हणाले, "घ्या मागं." जेसीबी बाजूला झाला. गाडी मागं आली, हातभर, आणखी हातभर. पप्पा शिडीवर चढले आणि काढायच्या फ्लेक्सवरचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, कानामागं. खाली उतरून फडकं झटकलं. रस्त्यावर बसलेल्यांना म्हणाले, "उठा. पोरीनं सही केली हाय. बसा गाडीत. पुढं सरका, आत जागा हाय."

दोन बेल.

मी फोटो काढला नाही. संघटनेत त्यावरून बोलणी खाल्ली.

फ्लेक्सचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आठ दिवसांत तो मुखेडच्या वाटेवर एका शेतात सोयाबीनच्या ढिगाऱ्यावर होता. वाघ आणि केसाळ हात वर, बाकी आत दुमडलेलं. प्रवासी खिडकीतून पप्पांना दाखवायचे, "ते बगा, ते बगा." पप्पा म्हणायचे, "माहीत हाय." बेल दिली नाही. पिठाच्या डब्याखालची झेरॉक्स मात्र नाहीशी झाली. ती त्यांच्या चामडी पिशवीत सापडली, तिकिटाच्या मशीनमागं, घडी घालून. फलक हटविणेबाबत.

आणि फाट्यावर फ्लेक्स नसला तरी लोक उभे राहतातच. गाडी थांबतेच. परतीच्या गाडीत बायका म्हणतातच, एक वाघीण द्या. नवीन कुणी विचारलं तर म्हातारी सांगते, पहिलं तिथं वाघ होता.

फ्लेक्स निघाल्यानंतरच्या रविवारी फोन आला. आई बोलली, मी बोलले. पप्पांची पाळी.

"जेवली का?"

"हाव पप्पा."

मी फोन परत घ्यायला हात पुढं केला. पप्पांनी दिला नाही.

"आज वाघीणला सात उतरले," ते म्हणाले.

"कुटं?"

"वाघीणला."

"ते कुठं आलं पप्पा?"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. बूट, शिडी, रिव्हर्स, कोंबड्या, पथकाचा साहेब, म्हातारी, जेसीबी. एवढं सलग मी त्यांना जन्मात बोलताना ऐकलं नव्हतं. पलीकडं धाकटी आधी हसली, मग मागच्या पोरीवर हिंदीत ओरडली की रुक जरा, मेरे पप्पा बोल रहे हैं. मग म्हणाली, "सुट्टीत आले की मलाबी उतरवताव का तिथं?"

"तिकीट लागंल."

"मशीनमधी न्हाई म्हणलाव ना?"

"पुढच्या टप्प्याचं देतो." पप्पा थांबले. फोन दुसऱ्या कानाला लावला. "लातूरला तुझी रेल्वे उशिरा आली तर काळजी करू नको. मी थांबतो. वेळ झाली तरी गाडी सोडत न्हाई."

पलीकडून शिट्टी वाजली आणि फोन कटला. पप्पा डबा घासायला गेले.

गाडी वेळेवर सुटत नाही म्हणून त्या दिवशी लातूरच्या स्टँडवर आरडाओरडा होणार हे उघड आहे. प्रवासी निवेदन देतील, आणि ते लिहून द्यायला माझ्याकडंच येतील. मी लिहीन. तक्रार रास्तच आहे. धाकटी तेव्हा गाडीत असेल, तिची सही पहिली. पप्पांचीही घेईन, डबा भरताना.